सारं ऑफिस अण्णांच्या नावावर

मानवजातीचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास आहे. टोळ्या डोंगर उतरून खाली आल्या, होड्या समुद्र ओलांडून पलीकडे गेल्या, गावंच्या गावं पाण्याच्या मागे चालत राहिली; आणि ज्यांनी सामान कमी घेतलं तेवढे तगले, असं जाणकार सांगतात. लिफ्ट कंपनीतलं स्थलांतर याच थोर परंपरेतलं होतं. फरक इतकाच, की ते जिन्याखालच्या खोलीतून जिन्याखालच्याच खोलीत व्हायचं होतं. जुना सर्व्हर डाव्या भिंतीला होता, नवा उजव्या भिंतीला येऊन बसला होता आणि मध्ये एक मोडकी खुर्ची होती. खुर्चीवर बसून दोन्ही हात पसरले, तर माणूस एकाच वेळी भूतकाळाला आणि भविष्याला शिवू शकत असे.

त्या खुर्चीवर बसणाऱ्याला ऑफिसात सर्व्हरराव म्हणत. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट टेबलाला टेकलेलं. कंपनी लिफ्ट बसवायची आणि मग बसवलेल्या लिफ्ट जन्मभर दुरुस्त करायची. प्रत्येक लिफ्टचे नकाशे, दुरुस्तीचे अहवाल, बिलं, पत्रं, सगळं त्या डाव्या भिंतीच्या सर्व्हरवर. तो आता इतका म्हातारा झाला होता, की ज्यांनी तो बनवला त्यांनीच हात झटकले होते. याचं काही बरंवाईट झालं तर आम्हाला फोन करू नका, असं त्यांनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं होतं. म्हणून नवा सर्व्हर, नवी प्रणाली, आणि तिच्यावर सगळ्यांनी सामानसुमानासकट राहायला जायचं, असं ठरलं.

ठरवलं ते साहेबांनी. साहेब नवे होते आणि नुकतेच कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतले होते. अशा माणसाला काही दिवस एकटं सोडू नये, पण ऑफिसात कोणाला ते सुचलं नाही. त्यांनी पांढऱ्या फळ्यावर तीन चौकोन काढले. माणसं, फाइली, हक्क.

"कोण आहे, त्याचं काय आहे, आणि त्याला काय करता येतं," साहेब म्हणाले. "संपलं. सोपं आहे."

"सोपं आहे," सर्व्हरराव म्हणाले. एका घरात वीस-बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कोणाचं काय आणि कोणाला काय करता येतं हा प्रश्न सोपा वाटत नाही. पण साहेबांचं लग्न व्हायचं होतं.

नियम असा ठरला, की गेल्या वर्षभरात ज्यांनी आपलं खातं वापरलं त्यांनाच नव्या सर्व्हरवर न्यायचं. उरलेले मृत समजायचे. सर्व्हररावांनी जिन्याखाली जाऊन तपासलं, परत तपासलं, मग पाणी प्यायले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, वापरकर्ते निघाले."

"किती?"

"एक."

साहेबांनी चष्मा काढला. "एक कसा? बाहेर माणसं दिसतायत मला."

"माणसं आहेत. खातीही आहेत सगळ्यांची. पण वापरात एकच आहे. अण्णांचं."

"हे अण्णा कुठे बसतात?"

"माझ्या घरी," सर्व्हरराव म्हणाले. "निवृत्त झाले. माझे सासरे."

झालं होतं असं. सर्व्हर नवा होता तेव्हा नकाशे काढायच्या ड्रॉइंग रूमचे प्रमुख अण्णा होते. माझ्या नकाशात माझ्याशिवाय कोणी रेघ ओढायची नाही, असा त्यांचा दंडक. म्हणून फाइली उघडायचा हक्क सगळ्यांना आणि बदलायचा हक्क फक्त अण्णांना, अशी व्यवस्था झाली. मग अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्यांनी हाताखालच्या एकाला पासवर्ड दिला, "फक्त तुला सांगतोय" असं बजावून. बजावलेली गोष्ट जशी पसरते तशी ती पसरली. ड्रॉइंग रूममधून अकाउंट्सला, अकाउंट्समधून दुरुस्तीवाल्यांकडे, तिथून गेटवरच्या रखवालदारापर्यंत. आपल्या खात्यातून शिरून काही बदलायला गेलं की फाइल म्हणायची, परवानगी नाही. अण्णा होऊन शिरलं की सगळी दारं उघडी. माणूस शेवटी दार उघडतं तिकडूनच आत जातो. अण्णा निवृत्त झाले, त्यांना हार घातला, घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं ऑफिस पुन्हा अण्णा होऊन कामाला लागलं.

"म्हणजे मी पण?" साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं. "मला पहिल्या दिवशी अकाउंट्सच्या बाईंनी एक पासवर्ड दिला होता. चिमणी एक दोन तीन."

"तोच," सर्व्हरराव म्हणाले, आणि फळ्याकडे बघू लागले. चिमणी हे त्यांच्या बायकोचं माहेरचं लाडाचं नाव होतं. ते घरी फक्त अण्णा घेत आणि ऑफिसात सगळे.

साहेबांना लग्नाचा नसला तरी प्रशिक्षणाचा अनुभव होता. ते म्हणाले, फाइल ज्याच्या नावावर तो तिचा मालक. मालकाच्या लेखी संमतीशिवाय फाइल हलवणं ही जोखीम आहे.

"साहेब, मी ॲडमिन आहे. एक बटण दाबलं की मालकी माझ्याकडे येते."

"आणि उद्या तो माणूस कोर्टात गेला तर?"

"तो माणूस कोर्टात कुठला जातोय? तो रोज माझ्यासमोर बसून जेवतो."

"तेच म्हणतोय मी. सगळ्या कंपनीच्या फाइली सासऱ्याकडून जावयाकडे? कागदावर कसं दिसेल ते?" साहेबांनी चौथा चौकोन काढला आणि त्यात लिहिलं: संमती. "त्यांची सही आणा. मग त्यांचं खातं बंद करा."

आता सर्व्हररावांचं घोडं इथेच अडलं.

घरजावई जगाने पाहिले आहेत. सर्व्हररावांकडे घरसासरे होते. सासूबाई गेल्यापासून अण्णा लेकीकडे राहायला आले होते. त्यांचा त्रास काही नव्हता. फक्त घरातली प्रत्येक चौकट ते डोळा बारीक करून बघत आणि "अर्ध्या बोटाने कलली आहे" असं सांगून पुढे जात. दिवसभर खिडकीत बसत, वर्तमानपत्र नकाशासारखं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचत आणि संध्याकाळची वाट बघत. सर्व्हररावांची चप्पल दारात वाजली की त्यांचा रोजचा प्रश्न येई.

"काय जावईबापू, माझ्यावाचून चालतंय का तुमचं ऑफिस?"

आणि सर्व्हरराव रोजचं उत्तर देत. "कसलं चालतंय अण्णा? सगळं तुमच्याच नावावर चाललंय."

अण्णा हसत. जावई आपलं मन राखतो, असं त्यांना वाटे. जावई शपथेवर खरं बोलत होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या एका वाक्यावर ते रात्रीचं जेवत, झोपत आणि सकाळी उठत.

"त्यांचं खातं बंद होणार म्हणून सांगितलंत, तर बघा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिने हातातला डाव खाली ठेवला नव्हता. "आई गेली तेव्हा हललेत ते. आता ऑफिसानेही काढलं असं वाटलं, तर खिडकीतून उठायचे नाहीत. तुमचा सर्व्हर राहू दे तिकडे."

"अगं, पण सही तर लागणार. साहेब हटून बसलाय."

"मग मान देऊन आणा सही. बंदबिंद शब्द काढायचा नाही. कंपनीला तुमची संमती हवी आहे म्हणा. तुमच्याशिवाय पान हलत नाही म्हणा. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. सर्व्हररावांनी तसंच सांगितलं. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती आडवी केली, परत उभी केली.

"सही कशावर?"

"फाइलींवर अण्णा. म्हणजे एकच सही. सगळ्या मिळून."

"डोळे मिटून सगळ्यावर सही करायला मी काय नवरदेव आहे का?" अण्णा म्हणाले. "जावईबापू, न तपासता एका नकाशावर सही केली ना, तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. मी येतो ऑफिसात. बघतो. मग करतो सही."

सर्व्हररावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

सोमवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. इस्त्री त्यांनी स्वतः केली होती, कारण जावयाच्या घरातल्या इस्त्रीवर त्यांचा विश्वास नव्हता. सोबत लेकही आली. चष्म्याचं घर, गोळ्या आणि पाण्याची बाटली तिच्या पिशवीत होती. ड्रॉइंग रूममध्ये सगळे उठून उभे राहिले. कोणी खुर्ची पुसली, कोणी पंखा वळवला. अण्णांना भरून आलं. तेवढ्यात आतून अकाउंट्सच्या बाईंचा आवाज आला.

"अहो, आज चिमणी चालत नाहीये का कोणाची?"

"जोरात मारा बाई," पलीकडून कोणी ओरडलं. "काल पण दोनदा मारली तेव्हा शिरलो आत."

"सगळ्यांनी एकदम चिमणी मारू नका रे, सर्व्हर बसतो!"

अण्णांना एका कानाने कमी ऐकू येई आणि तो नेमका आतल्या बाजूला होता. बायकोचे दोन्ही कान शाबूत होते. तिने पिशवी टेबलावर ठेवली, नवऱ्याला बोटाने जिन्यापाशी बोलावलं.

"किती वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासून," सर्व्हरराव म्हणाले. "म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हा तुझी ओळख पासवर्ड म्हणूनच झाली."

"आणि बदलावासा वाटला नाही तुम्हाला कधी?"

"बदलला असता तर अण्णांनाच विचारावं लागलं असतं, नवीन काय ठेवू म्हणून. आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मोडकी खुर्ची जवळ असती तर ते बसले असते. मग ती म्हणाली, "संध्याकाळी बोलू," आणि जिना उतरून गेली. लग्न झालेल्या कोणालाही हे वाक्य प्रशिक्षणाशिवाय समजतं.

पहिले दिवस सुखाचे गेले. अण्णा पडद्यावर बघून तपासायला तयार नव्हते. रेघ कागदावर आली पाहिजे, मगच ती रेघ. मग एकेक नकाशा छापला जाई, टेबलावर पसरला जाई, अण्णा पट्टी लावत, लाल पेन्सिलने बारीक खूण करत, कोपऱ्यात सही करत. चहा येई. जुने लोक येऊन बसत. दिवसाकाठी दोन नकाशे होत, तब्येत बरी असेल तर तीन. सर्व्हररावांनी मनातल्या मनात हिशोब केला; या वेगाने स्थलांतर व्हायला नातवंडांना नोकरीला लावावं लागलं असतं.

साहेब रोज येऊन विचारत, "प्रगती?"

"चालू आहे," अण्णा म्हणत. "घाई आहे का? लिफ्टने जायचंय का जिन्याने?"

साहेबांना याचं उत्तर प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. सर्व्हरराव मात्र खूश होते. अण्णा संध्याकाळी त्यांच्याबरोबरच घरी येत, स्वतःच ऑफिसच्या गोष्टी सांगत, दोन घास जास्त जेवत. बायकोने पासवर्डवरचं बोलणं पुढे ढकललं. असंच चालू राहिलं तर नवा सर्व्हरही म्हातारा होईल आणि प्रश्न आपोआप सुटेल, अशी योजना त्यांच्या डोक्यात आकार घेऊ लागली. योजना म्हणून ती साहेबांच्या योजनेपेक्षा वाईट नव्हती.

पण एका दुपारी अण्णांना वाटलं, एकूण काम किती आहे ते बघावं. "माझ्या नावावरचं सगळं दाखवा एकदा," ते म्हणाले. सर्व्हरराव जिन्याखाली होते. दाखवलं ते अकाउंट्सच्या बाईंनी, मदत म्हणून.

नकाशे एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला ऑफिसचं आयुष्य होतं. अण्णांच्या नावे सुटीचे अर्ज होते. अण्णांना ताप आला होता, अण्णांच्या मावशी वारल्या होत्या, त्याच मावशी पुढच्या वर्षी पुन्हा वारल्या होत्या. अण्णांनी बाळंतपणाची रजा मागितली होती आणि ती वाढवूनही मागितली होती. अण्णांनी पलीकडच्या लिफ्ट कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला होता, आणि त्यात सध्याच्या कंपनीत आपली कदर होत नाही असं लिहिलं होतं. अण्णांनी पाच-सहा राजीनामे लिहून ठेवले होते. एक साहेबांचा होता. "तुझ्या डोळ्यांत मी तळमजला विसरतो" अशी सुरुवात असलेली कविता अण्णांची होती. आणि व्यवस्थापनाला उद्देशून एक तक्रार होती: ड्रॉइंग रूमचे प्रमुख अण्णा हे स्वतः काम करत नाहीत व दुसऱ्यालाही करू देत नाहीत, सबब त्यांना आवर घालावा. फाइल कोणी तयार केली, या रकान्यात लिहिलं होतं: अण्णा.

सर्व्हरराव धावत वर आले तेव्हा अण्णा ती तक्रार वाचत होते. ड्रॉइंग रूममधला प्रत्येक जण आपापल्या पडद्यात डोकं घालून बसला होता.

"तारीख घातलेली नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी लाल पेन्सिल खिशाला लावली आणि उठले.

त्या संध्याकाळी ते खिडकीत बसले नाहीत. आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सर्व्हरराव मुद्दाम चप्पल दोनदा वाजवून आत आले. प्रश्न आला नाही.

"बोला आता," बायको म्हणाली. "खातं बंद न करता बंद केलंत तुम्ही त्यांना."

"मी काय केलं? मावशी मी मारली का त्यांची?"

"जन्मभर एक नाव सांभाळलं हो त्यांनी. कोणाच्या चहालासुद्धा मिंधे राहिले नाहीत. आणि तुम्ही ते नाव गेटवरच्या रखवालदाराला दिलंत."

"मी नाही दिलं. त्यांनीच दिलं. डोळ्याच्या वेळी."

"मग घेतलंत का नाही परत?"

उत्तर एका ओळीत देता आलं असतं: सोय होती म्हणून. सर्व्हररावांनी दाराशी जाऊन हाक मारली. "अण्णा."

"या."

अण्णा पलंगावर ताठ बसले होते. शेजारी त्यांनी तपासलेल्या नकाशांची गुंडाळी होती.

"जावईबापू, तुम्ही रोज सांगत होतात, सगळं माझ्याच नावावर चाललंय. ते खरं होतं."

"हो अण्णा."

"मला वाटायचं, थट्टा करताय. तेच बरं होतं." त्यांनी गुंडाळीवर हात ठेवला. "मी जेवढं तपासलंय तेवढं माझं. तेवढ्यावर माझी सही आहे. तेवढंच त्या नव्या ठिकाणी न्या. मला तिथे खातं उघडून द्या आणि त्याची किल्ली माझ्याकडे राहू दे. बाकीचं ज्याचं असेल त्याने पुढे येऊन सही करावी. आणि जुन्या ठिकाणाहून माझं नाव काढा. आजच्या आज."

"उद्या सकाळी काढतो," सर्व्हरराव म्हणाले. त्यांना हायसं वाटलं. इतके दिवस जे सांगायची भीती होती तेच समोरून मागितलं गेलं होतं.

त्यांनी सकाळी लवकर जाऊन जुन्या खात्याचं नाव बदललं. अण्णा काढून तिथे "कर्मचारी" घातलं. कामाची वेळ झाली आणि अख्खं ऑफिस उभं राहिलं. कोणाला आत शिरता येईना; स्वतःच्या खात्याचे पासवर्ड तर कधीच विसरले गेले होते. दुरुस्तीवाला फोनवर ओरडत होता, की लिफ्टमध्ये कोणी बाई अडकली आहे आणि त्याला दरवाजाचा नकाशा हवा आहे. सर्व्हररावांनी सगळ्यांना नवं नाव सांगितलं. लोकांनी ऐकलं, मान डोलावली आणि बोटांनी पुन्हा अण्णाच टाइप केलं. वर्षानुवर्षांची सवय कानांनी सुटत नाही. दुपारच्या आत साहेब स्वतः जिन्याखाली आले, तिथे ते पूर्वी कधी आले नव्हते.

"परत अण्णा करा," साहेब म्हणाले.

"साहेब, त्यांनी स्पष्ट सांगितलंय."

"बाई बाहेर निघू देत आधी."

परत अण्णा केलं. बाई बाहेर निघाल्या.

मग साहेबांनी बैठक घेतली आणि विचारलं, की उरलेल्या फाइलींची मालकी कोण घेतं. अण्णांनी तपासलेल्या सोडून बाकीच्या, म्हणजे जवळजवळ सगळ्या. प्रत्येकाला आपापले नकाशे घ्यायचे होते. पण नकाशे घेतले की सुटीचे अर्जही घ्यावे लागणार, मावशी घ्यावी लागणार, पलीकडच्या कंपनीतली नोकरी घ्यावी लागणार. ती तक्रार तर फळ्यासमोर उभी असल्यासारखी सगळ्यांना दिसत होती. अकाउंट्सच्या बाईंनी नखं बघितली. कवितेचा मालक खिडकीबाहेर बघू लागला. साहेबांनाही आपला राजीनामा आठवला असावा, कारण त्यांनी बैठक अचानक संपवली.

मुख्य कार्यालयाला अहवाल साहेबांनीच लिहिला. ज्या फाइलींना मालकाची लेखी संमती मिळाली त्यांचं स्थलांतर शंभर टक्के यशस्वी झालं असून एकही फाइल हरवली नाही, असं त्यात होतं. यातला शब्दन् शब्द खरा होता. वरून अभिनंदन आलं आणि बाकीच्या शाखांनी ही पद्धत अभ्यासावी अशी सूचना निघाली. अख्खं ऑफिस अजून जुन्याच सर्व्हरवर अण्णा होऊन काम करत होतं; त्याला धूळ लागू नये म्हणून सर्व्हररावांनी वरून एक कापड घातलं.

"काढलं का नाव?" जेवताना अण्णांनी विचारलं.

बायको वाढता वाढता थांबली.

"काढलं अण्णा," सर्व्हरराव म्हणाले. "सगळे आपापल्या नावाने काम करतात आता."

अण्णांनी मान डोलावली आणि पोळी मागून घेतली. ते आता रोज सकाळी घरच्या संगणकावर आपल्या खात्यात जातात, दाराची किल्ली फिरवावी तसा पासवर्ड टाकतात, आपल्या सहीचे नकाशे जिथल्या तिथे आहेत ना ते बघतात आणि बाहेर पडतात. पासवर्ड काय आहे हे त्यांनी लेकीलाही सांगितलेलं नाही.

नव्या सर्व्हरवर आजमितीला एक वापरकर्ता आहे. तो निवृत्त आहे. त्याचा बॅकअप रोज घेतला जातो.